नायगावचे नेवसे पाटलांचे घर आणि तेथे वाचायची दोन पत्रे

नीराकाठ :

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की नीरा नदीचा पूल ओलांडताच सातारा जिल्हा सुरू होतो आणि शिरवळ येते. तेथून महामार्ग सोडून आत गेले की खंडाळा तालुक्यातील नायगाव लागते. याच गावी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. हे जन्मघर आता स्मारक म्हणून जतन केलेले असून ते सर्वांना पाहता येते. नुकताच कुटुंबासह तेथे जाण्याचा योग आला. हे घर कशासाठी पाहावे याविषयी जे मनात आले ते सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

घर फार मोठे नाही. जाड भिंती, लाकडी खांब, आतल्या खोल्या, चूल, जाते, जुनी भांडी आणि सावित्रीबाईंच्या आयुष्यातील प्रसंग दाखवणारी चित्रे-शिल्पे, असे त्याचे एकंदर रूप आहे. सोबत माझ्या सासूबाई होत्या. मुले चित्रांसमोर रेंगाळत असताना त्या जात्यापाशी बसल्या आणि त्यांनी नातीला खुंटा कसा धरायचा, एका हाताने ओढत दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे दळायचे धान्य, कशी घालायची आणि दळण जाड पडू लागले की टाकी लावणाऱ्याला कसे बोलावले जाई, हे सारे नीट समजावून सांगितले. लग्नाच्या वेळी सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या आणि माझी मुलगीही आज नऊ वर्षांची आहे. अशा वयाच्या मुलीच्या हातात तेव्हा खुंटा आलेला असे, हे तिला पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्यापेक्षा त्या दहा मिनिटांत अधिक स्पष्ट कळले असावे.

मला सांगायचे आहे ते मात्र यापुढचे. नायगावला येणारे बहुतेक जण या घराकडे केवळ जन्मस्थान म्हणून पाहतात. सावित्रीबाई येथे जन्मल्या, १८४० साली जोतिरावांशी त्यांचे लग्न झाले, त्या पुण्याला गेल्या आणि मग खरा इतिहास तिकडे घडला, अशी मनातली मांडणी असते. त्यामुळे घर पाहून होते, हात जोडले जातात, छायाचित्र काढले जाते आणि गाडी पुन्हा महामार्गाला लागते. वास्तविक सावित्रीबाई पुढेही या गावी येत राहिल्या. जोतिरावांना लिहिलेली त्यांची जी तीन पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात, त्यांपैकी दोन त्यांनी नायगावहून लिहिलेली आहेत. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या १९८८ सालच्या ग्रंथात ती आहेत. ही दोन पत्रे वाचून मग या घरात पाऊल ठेवले, तर तेथील प्रत्येक भिंतीला वेगळा अर्थ येतो.

पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे आहे. सावित्रीबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. पुण्यात मुलींच्या शाळा सुरू होऊन आठ वर्षे झाली होती आणि १८५२ साली विश्रामबागवाड्यात फुले दांपत्याचा सरकारतर्फे सत्कारही झाला होता. अशा वेळी त्या आजारी पडून माहेरी आल्या होत्या. पत्राच्या आरंभी प्रकृतीचे वर्तमान आहे. भावाने सेवाशुश्रूषेत कसूर केली नाही, पूर्ण बरी झाले की लगेच पुण्याला येते, काळजी करू नये, असे त्या कळवतात. आपल्या गैरहजेरीत शाळेतील सहकारी फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हेही त्या विसरत नाहीत. पुण्यातील शाळेचा भार कोणावर पडला आहे याची जाणीव त्या आजारपणातही त्यांना होती, हे त्या ओळीतून दिसते.

आणि मग त्या घरात झालेला वाद त्या सांगतात. ज्या भावाने त्यांची शुश्रूषा केली, त्यानेच त्यांना सुनावले की तुम्ही नवराबायको वाळीत पडलेले आहात, महार-मांगांसाठी जे करता ते पाप आहे, आपल्या जातीच्या चालीने वागा आणि भटजी सांगतील तसे ऐका. आईला हे बोलणे लागले. सावित्रीबाईंनी भावाला दिलेले उत्तर मी येथे माझ्या शब्दांत सांगतो. तू गाई-शेळ्यांना जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांना अस्पृश्य का मानतोस? भटजी सोवळ्यात असतात तेव्हा तुलाही शिवून घेत नाहीत, त्या वेळी तू त्यांच्या लेखी कोण असतोस? पुढे त्यांनी विद्या का दिली पाहिजे हे सांगितले. शेवटी भावाला पश्चात्ताप झाला आणि आईने लेकीचे कौतुक केले, असे पत्रात आहे.

सावित्रीबाईंचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर पुण्यातील रस्ता, अंगावर येणारे शेण-दगड आणि सोबत ठेवलेले जादा लुगडे येते. ते चित्र खरेच हलवून टाकणारे आहे. तरीही मला नायगावचा प्रसंग त्याहून कठीण वाटतो. रस्त्यावरच्या निंदकाकडे पाठ फिरवून पुढे जाता येते. ज्याने आजारपणात उशाशी बसून औषधपाणी केले, ज्याच्या घरात आपण अजून पथ्याचे जेवण जेवत आहोत, त्या भावाला तू चुकतो आहेस असे सांगणे आणि नाते न तोडता सांगणे, याला निराळे धैर्य लागते. भाऊ वाईट माणूस नाही, हे त्या पत्रात स्वतःच लिहितात. त्याच्या मायेबद्दल कृतज्ञता आणि त्याच्या विचारांना ठाम विरोध या दोन्ही गोष्टी त्या एकाच पत्रात शेजारी शेजारी मांडतात.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण पंचांग सांगत गावोगाव फिरत असे. त्याचा आणि शारजा नावाच्या महार मुलीचा प्रेमसंबंध जडला आणि तिला दिवस गेले. सहा महिने झाल्यावर ही गोष्ट उघड झाली. गावातील लोकांनी दोघांना मारहाण करीत गावभर फिरवले आणि ते त्यांना ठार मारण्याच्या बेतात होते. सावित्रीबाईंना हे समजताच त्या धावत तेथे पोहोचल्या आणि इंग्रजी अमलात खून केल्यास काय परिणाम होतील याची भीती घालून त्यांनी जमावाला मागे हटवले. दोघांनी गाव सोडून जावे असे ठरले. त्यांना आपल्याकडे पाठवीत आहे, असे त्या जोतिरावांना कळवतात.

खंडोजी नेवसे हे गावचे पाटील होते, ही गोष्ट घर पाहताना ध्यानात ठेवावी असे मला वाटते. एका परगावी नांदणाऱ्या स्त्रीने जमावासमोर उभे राहावे आणि जमावाने तिचे ऐकावे, यामागे तिची निर्भयता आणि कायद्याची जाण तर होतीच, पण पाटलांची लेक म्हणून गावात असलेला मानही उपयोगी पडला असावा. हा माझा तर्क आहे, पत्रात तसे लिहिलेले नाही. तो मान तिने कोणासाठी वापरला, हे पाहिले की या ओसरीचे महत्त्व कळते.

म्हणून विनंती एवढीच की नायगावला जाणाऱ्यांनी या दोन पत्रांच्या प्रती सोबत न्याव्यात आणि घराच्या आवारात बसून, शक्य असल्यास मुलांसमोर, मोठ्याने वाचाव्यात. इतरांचे अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

पाटीपेन्सिल :

धागा आवडला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि आमच्या मुलांची सहल नायगावला नेलेली आहे. त्या अनुभवावरून थोडे लिहिते.

३ जानेवारीला तेथे जयंतीचा मोठा सोहळा असतो, राज्यभरातून लोक येतात, त्यात महिलांची संख्या फार मोठी असते आणि त्या गर्दीचे स्वतःचे मोल आहे. परंतु मुलांना घर दाखवायचे असेल तर तो दिवस टाळावा. गर्दीत मुले रांगेने आत जातात आणि रांगेने बाहेर येतात, थांबून काही पाहणे होत नाही.

आम्ही मुलांना आधी वर्गातच एक काम दिले होते. घरात जी वस्तू आज आपल्या घरी नाही अशी एक वस्तू शोधायची, तिचे चित्र काढायचे आणि ती वापरणाऱ्या बाईचा दिवस कसा जात असेल ते लिहायचे. बहुतेक मुलींनी जाते काढले, मुलांनी चूल. सहावीच्या एका मुलीने लिहिले होते की दळण, पाणी आणि शेणगोठा झाल्यावर शाळेसाठी वेळ उरतच नाही, मग सावित्रीबाईंच्या शाळेत मुली आल्या कशा? हा प्रश्न इतका नेमका होता की त्यावर आम्ही पुढचे दोन तास बोललो. शाळेत येण्यासाठी मुलींना प्रोत्साहन म्हणून काय काय द्यावे लागत असेल, घरच्यांची समजूत कोणी आणि कशी काढली असेल, हे सगळे त्यातून निघाले.

१८५६ चे पत्र मात्र आम्ही तेथे वाचले नव्हते. पुढच्या खेपेला ते नक्की वाचू. भाऊ-बहिणीचा वाद मुलांना लगेच कळेल, कारण तो प्रत्येकाच्या घरात असतो. मुलांनी त्या भावाच्या बाजूने सावित्रीबाईंना उत्तर लिहावे, असा उपक्रमही घेता येईल. भावाची बाजू लिहिताना ती कोठे लंगडी पडते हे त्यांचे त्यांनाच समजेल.

ओसरी :

लेख विचारपूर्वक लिहिला आहे, परंतु एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडणे आवश्यक वाटते. मी जुन्या वास्तूंच्या जतनाच्या क्षेत्रात काम करते.

एखाद्या व्यक्तीचे घर स्मारक म्हणून उभे करताना पहिला प्रश्न असा असतो की जे दिसते आहे त्यातील मूळचे किती आणि नंतर उभारलेले किती. दीडदोनशे वर्षांपूर्वीचे गावाकडचे घर दगड, माती, विटा आणि लाकूड यांचे असते. ते सतत वापरात राहिले तर प्रत्येक पिढी त्यात बदल करते आणि वापरात राहिले नाही तर ते पडते. त्यामुळे अशा घरांची पुनर्बांधणी किंवा मोठी दुरुस्ती अटळ असते आणि त्यात गैर काही नाही. परंतु पाहणाऱ्याला ते स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. कोणती भिंत जुन्या पायावर आहे, कोणते लाकूड नवीन आहे, कोणते भांडे त्या कुटुंबातील आहे आणि कोणते त्या काळच्या पद्धतीचे म्हणून मिळवून ठेवले आहे, याच्या पाट्या प्रत्येक गृह-संग्रहालयात असाव्यात. मी हे एकट्या नायगावबद्दल म्हणत नाही. आपल्याकडील जवळजवळ सर्वच थोर व्यक्तींच्या घरांना हे लागू आहे.

आपण सासूबाईंनी जात्यापाशी सांगितलेली गोष्ट लिहिली आहे. ती सुंदर आहे आणि ते जाते कोणाचे होते यावर तिची किंमत अवलंबून नाही, हेही मला मान्य आहे. तरीसुद्धा जेव्हा एखादी मुलगी ‘हे सावित्रीबाईंचे जाते’ असे मनाशी धरून जाते, तेव्हा ती समजूत खरी आहे की नाही याची जबाबदारी दाखवणाऱ्यावर असते. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्या सावित्रीबाईंच्या घरात तर ही काटेकोर वृत्ती असलीच पाहिजे.

नीराकाठ :

पाटीपेन्सिल, आपला उपक्रम फार मोलाचा आहे. त्या मुलीचा प्रश्न मी टिपून ठेवला आहे.

ओसरी, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य. किंबहुना त्यामुळेच मला पत्रांवर भर द्यावासा वाटतो. वस्तूंच्या बाबतीत मूळची कोणती आणि नंतरची कोणती हा प्रश्न राहणारच. पत्रांमध्ये मात्र त्या घरात काय बोलले गेले हे खुद्द सावित्रीबाईंच्या शब्दांत आहे. भिंत नव्याने लिंपलेली असली तरी त्या जागेवर, त्या कुटुंबात हा वाद झाला हे बदलत नाही. आपण म्हणता तशा पाट्या लागल्या, तर वस्तू आणि पत्रे एकमेकांना पूरकच ठरतील.

जुनी वही :

१८६८ च्या पत्राला जोडून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. गणेश आणि शारजा यांना सावित्रीबाईंनी जोतिरावांकडे पाठवले, हे आपण लिहिले आहे. पाठवले ते कोणत्या घरात, हेही पाहिले पाहिजे. १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल ठेवायचे की न्यायचे हे त्यांनी स्वतः ठरवावे, अशी त्यामागील योजना होती. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्यालाच पुढे यशवंत म्हणून वाढवले, डॉक्टर केले. आणि हे पत्र ज्या वर्षी लिहिले गेले त्याच १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला.

म्हणजे नायगावात जमावाच्या हातून सोडवलेल्या त्या दोघांना पाठवायला सावित्रीबाईंजवळ एक दार आधीपासून उघडे होते. केवळ जीव वाचवून त्या थांबल्या असत्या तर दोघे दुसऱ्या गावात पुन्हा सापडले असते. त्यामुळे नायगावचे घर आणि पुण्याच्या गंज पेठेतील फुलेवाडा ही दोन घरे जोडीने पाहिली पाहिजेत, असे माझे मत आहे. एक माहेर आणि एक सासर असा हा विषय नाही. सावित्रीबाईंना सासर असे फार काळ लाभलेच नाही, कारण शाळेच्या कामामुळे १८४९ साली जोतिरावांच्या वडिलांनीच दोघांना घराबाहेर काढले होते आणि उस्मान शेख यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला होता. गंज पेठेतील घर हे त्या दोघांनी आपल्या मतांप्रमाणे चालवलेले घर होते.

फुलेवाड्यात गेल्यावर तुळशी वृंदावनाशी थांबावे. जोतिरावांची इच्छा होती की आपले दहन न करता घराच्या आवारात मिठात पुरावे आणि त्यासाठी त्यांनी खड्डाही खणून ठेवला होता. वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले आणि नंतर अस्थी या जागी ठेवण्यात आल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे पुढे धरायचे मडके, कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी यशवंतला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या. १८५६ साली भावासमोर जे बोलल्या तेच चौतीस वर्षांनी त्यांनी सगळ्या पुण्यासमोर कृतीने दाखवले.

दूरदेशी :

मी बरीच वर्षे परदेशात आहे. पुढच्या भारतभेटीत दहा वर्षांच्या मुलीला नायगावला न्यायचे ठरवले आहे. तिला मराठी समजते, पण वाचताना अडखळते. दोन्ही पत्रांपैकी तिच्यासाठी कोणते निवडावे? आणि पुण्यात एकच दिवस असेल तर भिडेवाडाही पाहून होईल का?

नीराकाठ :

दूरदेशी, दहा वर्षांच्या मुलीसाठी १८५६ चे पत्र निवडावे. भाषा जुनी असली तरी प्रसंग घरगुती आहे आणि आपण वाचत गेलात तर तिला नक्की कळेल. पत्राची सुरुवात तिला मुद्दाम ऐकवा. सावित्रीबाई जोतिरावांना ‘सत्यरूप जोतीबा’ म्हणून संबोधतात. पंचवीस वर्षांची पत्नी नवऱ्याला पत्र लिहिते, त्यात घरातील भांडणही सांगते आणि शाळेची चौकशीही करते, हे त्या काळी किती दुर्मीळ होते हे तिला आपण समजावून सांगू शकाल. १८६८ चे पत्र तिला थोडी मोठी झाल्यावर द्यावे.

भिडेवाड्याबद्दल सांगायचे तर १ जानेवारी १८४८ रोजी मुलींची शाळा जेथे सुरू झाली ती बुधवार पेठेतील जुनी इमारत आता उभी नाही. प्रदीर्घ न्यायालयीन वादानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडण्यात आली, कारण त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. त्यामुळे जागा जरूर दाखवा, परंतु जुना वाडा पाहायला मिळेल अशी अपेक्षा मुलीला देऊ नका. दिवस नायगाव आणि फुलेवाडा यांना द्यावा. नायगाव पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर निघाल्यास दुपारी परतून गंज पेठेत जाता येते.

सातारी माती :

मी याच भागातला आहे. शिरवळच्या बाजाराची एक गोष्ट आमच्याकडे सांगितली जाते. लहानपणी सावित्रीबाई बाजाराला गेल्या असता तेथे कोणा मिशनऱ्याने त्यांना एक पुस्तक दिले, ते घेऊन त्या घरी आल्या, वडील रागावले आणि त्यांनी ते फेकून दिले, मुलीने ते पुन्हा उचलून जपून ठेवले आणि लग्नानंतर पुण्याला नेले. ही आठवण परंपरेने आलेली आहे, पत्रांसारखा तिला लेखी आधार आहे असा माझा दावा नाही. ओसरी यांनी ज्या काटेकोरपणाचा आग्रह धरला आहे तो ठेवूनही, गावाने आपल्या लेकीबद्दल कोणती गोष्ट जपली हे पाहण्यासारखे आहे. गावाने तिच्या लग्नाची किंवा सौंदर्याची गोष्ट जपली नाही, वाचता न येणाऱ्या मुलीने सांभाळलेल्या पुस्तकाची जपली.

दुसरे असे की १८६८ च्या पत्रात गावच्या लोकांचे जे रूप दिसते ते आम्हा आसपासच्या मंडळींना सुखावणारे नाही. तरीही ते पत्र तेथे, नायगावातच, वाचले जावे या मताशी मी सहमत आहे. जयंतीला आम्ही सारे अभिमानाने जमतो. त्याच गावात एका गरोदर मुलीला मारत फिरवले गेले आणि तिला वाचवायला माहेरी आलेली एक स्त्री पुढे आली, हे माहीत असेल तरच त्या अभिमानाला अर्थ आहे. आजही वेगळ्या जातीत लग्न केले म्हणून मुला-मुलींचे जीव घेतल्याच्या बातम्या आपण वाचतो. स्मारकाचा विस्तार करण्याच्या योजनांची चर्चा अधूनमधून होते. त्या विस्तारात गणेश आणि शारजा यांचा प्रसंग ठळकपणे यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ओसरी :

सातारी माती यांच्याशी शंभर टक्के सहमत. स्मारकात सहसा गौरवाचे प्रसंग निवडले जातात, कारण ते सर्वांना चालतात. त्या जमावाचे नाव-गाव घेऊन प्रसंग मांडण्याची तयारी फार थोड्या ठिकाणी असते.

महेश्वरला अहिल्याबाई होळकरांचा राजवाडा पाहिला तेव्हा तेथील साधी गादी आणि देवघर पाहून मी भारावून गेले होते. ते घर एका राज्यकर्तीचे आहे आणि तिच्या कारभाराची दफ्तरे अभ्यासकांसमोर आहेत. सिंदखेडराजा येथे जिजाऊंचे जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा वाडा आहे, त्याचा भव्य दरवाजाच आपल्याला त्या घराण्याची ताकद सांगतो. नायगावचे घर या दोहोंहून निराळे आहे. येथे सत्ता नाही, सैन्य नाही, गावची पाटीलकी तेवढी आहे. एका शिक्षिकेने घरच्यांशी आणि गावाशी जे बोलणे केले तेच या घराचे वैभव आहे. त्यामुळे येथे वस्तूंपेक्षा शब्द दाखवावे लागतील. नीराकाठ यांचा पत्रांचा आग्रह मला आता अधिक पटतो आहे.

पाटीपेन्सिल :

एक व्यावहारिक सूचना. दोन्ही पत्रे मोठ्या अक्षरांत छापून, अवघड शब्दांचे अर्थ खाली देऊन, शाळांसाठी एक चौपानी तयार करता येईल. सहलीला निघालेल्या शिक्षकांना ती वर्गात आधीच देता येईल. येथे कोणी मजकूर तपासून द्यायला तयार असेल तर अर्थ लिहिण्याचे काम मी करीन. ‘सोवळे’, ‘वाळीत’, ‘पंचांग’ हे शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावे लागतात, हा वर्गातला अनुभव आहे. ‘वाळीत’ हा शब्द मुलांना माहीत नसणे ही तशी चांगलीच गोष्ट आहे, पण पत्र समजण्यासाठी तो सांगावा लागेल.

जुनी वही :

मजकूर मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे द्यावे. समाजमाध्यमांवर या पत्रांचे जे उतारे फिरतात त्यांत शब्द बदललेले आणि वाक्ये गाळलेली आढळतात. मुलांच्या हाती जाणारा मजकूर ग्रंथाप्रमाणेच असला पाहिजे.

चौपानीत तिसऱ्या पत्राचाही उल्लेख असावा, असे सुचवतो. ते २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर भागातील ओतूरहून लिहिलेले आहे. दुष्काळाचे वर्ष होते, जनावरे मरत होती, लोक गावे सोडत होते आणि सावित्रीबाई सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांसह मदतकार्यात होत्या. १८५६ साली आजारी म्हणून माहेरी आलेली स्त्री एकवीस वर्षांनी दुष्काळी मुलखात फिरते आहे, हा प्रवास तीन पत्रांत मिळून दिसतो. १८९७ साली प्लेगच्या साथीत मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या हडपसरजवळील दवाखान्यात त्या पोहोचल्या आणि त्यातूनच लागण होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला, याची बीजे त्या ओतूरच्या पत्रात आहेत.

नीराकाठ :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ग्रंथाची प्रत माझ्याजवळ आहे. तिन्ही पत्रांची पाने या आठवड्यात जुनी वही यांच्याकडे व्यक्तिगत निरोपातून पोहोचवतो. ताडून झालेला मजकूर पाटीपेन्सिल यांनी घ्यावा आणि अर्थांचा मसुदा याच धाग्यावर टाकावा, म्हणजे इतरांनाही सुधारणा सुचवता येतील. सातारी माती, चौपानीच्या काही प्रती नायगावात ठेवायच्या झाल्यास कोणाशी बोलावे लागेल, एवढे आपण चौकशी करून कळवाल का?

सातारी माती :

अवश्य. ग्रामपंचायतीत आणि शाळेत विचारून पुढच्या आठवड्यात लिहितो. १८६८ चे पत्र त्यात असेल, हे मी त्यांना आधीच सांगेन.